पूजेतलं ल्यूट

न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थच्या घरात ल्यूटला स्वयंपाकघरात यायला बंदी होती. बैठकीत चालायचं, माझ्या खोलीत चालायचं, गाडीत तर त्याला मागच्या सीटवर बसवून पट्टाही लावला जायचा. पण जिथे कार्पेट संपून लिनोलियम सुरू व्हायचं तिथे दारात एक पितळी पट्टी होती, तिच्या पलीकडे नाही. पलीकडे, डाळींच्या डब्यांशेजारच्या कपाटात, आमचे देव होते. कपाटाला काचेचं दार होतं आणि आत एक छोटा दिवा, जो आई हॉस्पिटलच्या फार्मसीतून आल्यावर कोट न काढताच लावायची.

सुरुवातीला अशी बंदी नव्हती. मी पहिल्यांदा ते वाद्य घरी आणलं तेव्हा आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. ल्यूटची पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी जोडून केलेली असते, उभं कापलेलं नासपतीचं फळ दिसावं तशी. पुढची फळी, म्हणजे तबली, इतकी पातळ, की उजेडासमोर धरली तर कोरलेल्या जाळीभोवती लाकूड किंचित लाल दिसतं. आईला ती सतारीची लहान बहीण वाटली. मानेवर पडदे होते, खुंट्या होत्या, तारांखालची घोडी होती. मग एके दिवशी पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "या तारा कसल्या गं? स्टीलच्या दिसत नाहीत."

"गट," मी म्हटलं. आणि तिला कळलं नाही असं वाटून पुढे म्हटलं, "मेंढीची आतडी. पिळून वाळवलेली."

लाटणं थांबलं. "आणि ते पडदे बांधलेत ते?"

"तेही."

"आणि हे तू बोटांच्या पेरांनी वाजवतेस. नखंसुद्धा न ठेवता."

बाबा टेबलाशी पेपर वाचत होते. ते हॉस्पिटलात भूल द्यायचे, आणि घरातही कुणाचा आवाज चढू लागला की तो खाली आणायचं काम त्यांचंच असे. "सुमा, अगं टाके घालायला पूर्वी हेच वापरायचे. तू स्वतः डब्या दिल्या असतील सर्जनना."

"दिल्या असतील," आई म्हणाली. "त्या देवापुढे नव्हत्या ठेवल्या."

तेव्हापासून ती पितळी पट्टी ही सीमा झाली. भांडण असं झालं नाही. आमच्याकडे भांडणं होत नसत, नुसत्या सीमा ठरत. (मी तेव्हा घरात बहुतेक उत्तरं इंग्रजीत द्यायचे. इथे ती मराठीत लिहिते आहे, कारण आईला ती मराठीतच ऐकू येत असावीत, इतकी वर्षं तिने मला कधी "मराठीत बोल" म्हटलं नाही.)

ते ल्यूट माझं नव्हतं. ते ॲलनचं होतं, त्यानेच केलेलं. ॲलन मातीवर संशोधन करणाऱ्या संस्थेतून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस. ॲशहर्स्टच्या रस्त्यावर त्याचं घर होतं आणि गॅरेजमध्ये गाडीऐवजी लाकडाच्या फळ्या, सरसाचं भांडं आणि अर्धवट जोडलेली वाद्यं होती. आमच्या शाळेत तो एकदा वाजवून दाखवायला आला होता. मी तेव्हा गिटार वाजवायचे आणि उजव्या हाताची नखं फार जपायचे. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेले, त्याने माझा हात पाहिला आणि म्हणाला, "ही काप. मग ये." मी त्याच संध्याकाळी कापली. आजही कुणी विचारलं की तू या वाद्याकडे का वळलीस, तर मला सांगता येत नाही. दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलतंय, शब्द कळत नाहीत, पण बोलणं आपल्याबद्दल आहे, अशी शंका यावी, तसा तो आवाज होता. त्या खोलीचं दार उघडायचं, एवढंच तेव्हा कळलं.

आई त्याला ॲलनसर म्हणायची. त्याला ते आवडत नसे. "नुसतं ॲलन," तो म्हणायचा, आणि ती "हो, ॲलनसर" म्हणायची. वाद्य माझ्या हाती देताना त्याने तिला आणि मला समोर उभं करून सांगितलं होतं, की याला दोन गोष्टी चालत नाहीत, पाणी आणि ऊब. हीटरजवळ नको, उन्हात नको, बंद गाडीत नको. आईने मान हलवली होती. औषधं कशी साठवायची हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

घरात मी वाजवण्यापेक्षा जुळवायचेच जास्त. ल्यूटच्या तारा जोडीजोडीने असतात. जोडीतली एक तार हलली की दुसरी खोटी पडते आणि ती सरळ केली की तिसरीवर शंका येते. पामर्स्टनला वारा कधी थांबत नाही आणि पाऊस विचारून येत नाही, त्यामुळे हवेबरोबर तात, म्हणजे ती आतड्याची तार, फुगायची, आकसायची. कुकरची शिट्टी झाली की मला थांबावं लागे, कारण तिचा सूर माझ्या चौथ्या जोडीच्या अगदी जवळचा पण तिच्याहून थोडा चढा होता, आणि कान तिकडे ओढला जायचा. बाबा दारातून डोकावत. "वाजवतेस कधी? गेला अर्धा तास नुसती जुळवतेच आहेस." मग उठून माझं दार हलकेच लावून घेत. त्यांचा राग नव्हता. त्यांना हे सगळं एका हुशार मुलीला झालेला, उतरणारा ताप वाटत होता. माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी मी दुनेडिनला जाऊन मेडिकलला प्रवेश मिळवायचा, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, कारण ते बोलण्याच्या पलीकडे ठरलेलं होतं.

मग ॲलनने सांगितलं, की युरोपातल्या एक ल्यूटवादक बाई, मार्गित त्यांचं नाव, वेलिंग्टनला येणार आहेत, शनिवारी काही मुलांचं वादन ऐकतील आणि पसंत पडला तर एकाला आपल्याकडे शिकायला घेतील. त्या रात्री जेवताना मी ते घरी सांगितलं. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी आमटी संपवली, वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. त्या बाईंनी तुला घेतलं, तर मी काही बोलणार नाही. नाही घेतलं, तर तू काही बोलायचं नाहीस. दुनेडिन." मी हो म्हटलं. आई म्हणाली, "आणि मी?" बाबा हसले. "तू तर काय, दोन्हीकडून जेवायला घालणार."

मी एक जलद, उड्या मारत जाणारी रचना बसवत होते, ज्यात डावा हात मानेवर वरखाली धावतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चारचार माणसं वाजवताहेत. पसंत पडायचं तर तीच, असं मी ठरवलं होतं.

गुरुवारी खंडेनवमी होती. शाळेला सुट्टी होती. मी दुपारी पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेले आणि तिथेच रेंगाळले. घरी आले तर स्वयंपाकघरातून उदबत्तीचा वास येत होता. पितळी पट्टीपाशी मी थांबले. आत जमिनीवर दोन पाट मांडलेले होते. एकावर बाबांचा स्टेथोस्कोप, आईचं गोळ्या मोजायचं ताट, विळी, गाडीच्या किल्ल्या. प्रत्येकावर हळदकुंकू आणि गार्डन सेंटरमधून आणलेल्या झेंडूचं एकेक फूल. दुसऱ्या पाटावर एकटं ल्यूट होतं.

"आई, हे इथे कसं?"

"आज खंडेनवमी ना. ज्याचं त्याचं हत्यार. बाबांचं मांडलं, माझं मांडलं, मग तुझं नको?"

"पण मेंढीची..."

"देवाला विचारलं मी," आई कपाटाकडे न बघता म्हणाली. "त्याची काही हरकत दिसली नाही."

वर्षभर जे त्या पट्टीच्या अलीकडे ठेवलं होतं, ते तिने आपल्या हातांनी उचलून आत नेलं होतं. बाबांच्या अटीत तिला जागा नव्हती, म्हणून तिने आपलं मत असं दिलं होतं. मग मला ओट्यावरचा फडका दिसला. ओला, पिळून ठेवलेला. तबलीवर पाण्याचा पुसट पट्टा होता, जाळीच्या कोरीव कामात थेंब अडकले होते, घोडीच्या खाली बोटाने लावलेलं कुंकू पसरलं होतं, आणि जाळीच्या छिद्रांतून काही अक्षता आत पोटात पडल्या होत्या.

"तू हे पुसलंस?"

"धूळ होती बाई त्याच्यावर. धुळीचं कसं ठेवायचं पूजेत? घट्ट पिळला होता फडका, थेंब नव्हता त्यात." मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाली की उचल."

मी हात मागे घेतला. मला तारा सैल करायच्या होत्या, कोरड्या कापडाने जाळी टिपायची होती, रात्रीपर्यंत ती जलद रचना पुन्हा पुन्हा वाजवायची होती. पण पूजेतली वस्तू हलवली असती, तर तिने दिलेलं मत परत केल्यासारखं झालं असतं. बाबा आले, त्यांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "परवा वादन, आणि आज वाद्य पूजेत? देवानेच सुट्टी दिली म्हणायची." ते गमतीत बोलले होते, तरी त्यांच्या आवाजात किंचित सुटका होती.

संध्याकाळी मी पट्टीपाशी बसून लांबूनच बघत राहिले. ओला पट्टा वाळत नव्हता. बाहेर पाऊस लागला होता. तबलीवर घोडीच्या मागे एक बारीकसा उठाव मला दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला. "आई, ओल जात नाहीये," मी म्हटलं. ती पुऱ्यांची तयारी करत होती. "जाईल. काळजी करू नकोस," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली.

न्यूझीलंडच्या जुन्या घरांत गरम पाण्याची तांब्याची टाकी एका कपाटात असते आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या असतात. चादरी तिथे वाळतात. आमच्या घरातल्या सगळ्या नाजूक गोष्टी त्या कपाटात जात. विरजण तिथे लागे, इडलीचं पीठ तिथे फुगे, मी तान्ही असताना माझी झबली तिथेच ऊब घेत, आणि बाबांचे लोकरीचे मोजेही. आईच्या लेखी ते कपाट म्हणजे हीटर नव्हता. तिथे कधी काही बिघडलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी लवकर उठून तिने देवाची क्षमा मागितली, ल्यूट पाटावरून उचललं, आपल्या लग्नातल्या शेल्यात गुंडाळलं आणि टाकीच्या अगदी वरच्या फळीवर, श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्याशेजारी ठेवलं. ओल जावी आणि मला सकाळी ते कोरडं मिळावं, म्हणून.

आम्ही नाश्त्याला बसलो होतो. पाट रिकामा दिसला म्हणून मी विचारणार, तोच भिंतीआडून आवाज आला. पाटावर पाट आपटावा तसा एकच कोरडा आवाज, आणि त्यामागोमाग सगळ्या तारांचा एक गलबला, जो लगेच बंद झाला.

"टाकी गेली की काय?" बाबा उठले.

आई उठली नाही. तिचे हात पिठाचे होते. तिने ते तसेच धरले आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडलं. शेल्याच्या आत घोडी तबलीवरून सुटून तारांच्या जंजाळात लोंबत होती. ल्यूटची घोडी नुसती टेकवलेली नसते, ती सरसाने तबलीला चिकटवलेली असते आणि सगळ्या तारांचा ताण तिच्यावर असतो. ओल आणि ऊब मिळून तो सरस मऊ झाला होता.

"गेलं?" आईने मागून विचारलं.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "राहू दे रेवा. तुझी काही चूक नाही. फोन करून कळवू त्यांना." त्यांची ती मायाच मला सहन होईना, कारण तिच्या टोकाला दुनेडिन होतं.

आईने हात धुतले. "अहो, तुम्ही ड्युटीवर जा," ती म्हणाली. "आम्ही ॲलनसरांकडे जातोय. आणि रेवा, मी सांगणार. तू गप्प बसायचं."

तिची बोटं त्या दिवशी स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. (या हिवाळ्यात ती माझ्याकडे, बॉटनी डाउन्सच्या घरात वारली. शेवटच्या आठवड्यात चादरीची कड ती तशीच धरायची, आणि मी ती बोटं एकेक करून सोडवायचे. ही आठवण लिहायला घेतली ती तेव्हापासून. जमेल तेवढीच लिहिते.)

ॲलन लोकरीचा स्वेटर आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दारात आला. "कीया ओरा," तो माओरीत नमस्कार करत म्हणाला, आणि मग शेल्याचं गाठोडं पाहून दारातून बाजूला झाला. गॅरेजमध्ये बाकावर त्याने ते सोडलं.

"कुठे होतं हे?"

"हॉट वॉटर कपबोर्डमध्ये," आई म्हणाली. "मी ठेवलं. ओलं झालं होतं म्हणून."

"ओलं कसं झालं?"

"मी पुसलं. पूजा करायची होती."

ॲलन बाहेर गेला. खिडकीतून तो दिसत होता, फीजोआच्या झुडपांच्या कुंपणापाशी आमच्याकडे पाठ करून उभा. आई हलली नाही. मला वाटलं, आता तो आत येऊन म्हणेल, ठेवा इथेच आणि जा. ते वाद्य त्याने किती हिवाळे खपून केलं होतं, मला माहीत होतं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता, पण मैत्रीचा नव्हता.

"मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या."

"हो. पाणी आणि ऊब," आई म्हणाली. "दोन्ही मीच केलं. हिने नाही."

त्याने दिवा जवळ ओढला, तबलीवर आडवा उजेड पाडला आणि बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच ठोकत गेला. मग वाद्य उलटं करून हलवलं. जाळीतून दोन तांदूळ बाकावर पडले. त्याने ते उचलून आईच्या तळहातावर ठेवले. "तबली फुटली नाही," तो म्हणाला. "घोडी सुटली म्हणून वाचली. पक्कं चिकटवलं असतं तर लाकूड फाटलं असतं. सरस असतो तो यासाठीच."

"तो सरस कशाचा, ते मी विचारत नाही," आई म्हणाली.

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्याने भांडं गरम करायला ठेवलं. घोडी जागेवर बसवून, पाचरी मारून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. उद्या सकाळी तारा चढवता येतील, पण पूर्ण ताण द्यायचा नाही. सूर बरेच खाली ठेवायचे. वर चढवलं तर त्या बाईंच्या समोरच घोडी उडेल. त्याचं स्वतःचं ल्यूट माझ्या हाताला फार मोठं होतं, ते आम्ही दोघांनी पूर्वीच पाहिलं होतं. "तुझी जलद रचना अशा सैल तारांवर होणार नाही," तो म्हणाला. "ती विसर. मी तुझ्या जागी असतो तर गेलो नसतो."

"मी जाणार," मी म्हटलं. घरी आल्यावर आईने श्रीखंड केलं, आणि आम्ही तिघांनी दसऱ्याचं जेवण जेवून घेतलं.

शनिवारी बाबांनीच गाडी काढली. दिलेला शब्द शेवटपर्यंत न्यायचा, हा त्यांचा स्वभाव. मागच्या सीटवर आई बसली आणि ॲलनने सांगितल्याप्रमाणे ल्यूट पट्ट्यात न बांधता तिच्या मांडीवर ठेवलं, म्हणजे धक्के तिला बसतील. वर्षभर जी तात तिने देवांपासून लांब ठेवली होती, ती तिच्या दसऱ्याच्या साडीवर पडली होती. ओटाकीला आणि पुढे पेकाकारिकीला समुद्र उजवीकडे आल्यावर मी गाडी थांबवायला लावून सूर पाहिले. तारा उतरत होत्या. मी त्या वर घ्यायचे, पण ठरवलेल्या उंचीच्या वर नाही, आणि दर वेळी खुंटी फिरवताना घोडीकडे बघायचे.

"जायलाच हवं का असं?" बाबा एकदा म्हणाले. "कळवता येईल अजून."

"अहो, गाडी चालवा," आई म्हणाली.

चर्चच्या मागच्या एका हॉलमध्ये मार्गित बसल्या होत्या. करड्या केसांच्या, नखं अगदी मुळापर्यंत कापलेल्या. माझ्या आधीचा मुलगा वाजवत होता, लख्ख, भरभर. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी ल्यूट हातात मागितलं. उचलताना आत काहीतरी खळखळलं. त्यांनी घोडीखालची नवी रेघ पाहिली, तबलीवरचा लाल डाग पाहिला.

"हे काल चिकटवलंय," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

मी तोंड उघडलं. गाडीत तापलं, असं म्हणायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी सांगते," आई उभी राहून म्हणाली. फार्मसीच्या खिडकीत पेशंटला डोस समजावून सांगावा तशा इंग्रजीत तिने सांगितलं, की आमच्यात वर्षातून एकदा कामाच्या वस्तूंची पूजा करतात, तिने ती केली, त्यात पाणी लागलं, ते वाळवायला तिने ते उबेत ठेवलं, आणि आत जे वाजतंय ते तांदूळ आहेत. यात मुलीचा दोष नाही. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

मार्गितनी ल्यूट मला दिलं. "वाजव."

मी एक संथ रचना घेतली. ॲलनने ती मला पहिल्या महिन्यात शिकवली होती आणि सोपी म्हणून मी ती सोडून दिली होती. तारा इतक्या सैल होत्या की जोर केला तर त्या पडद्यांवर खरखरायच्या. प्रत्येक स्वर काढण्याआधी तार बोटाने नुसती दाबायची, तिला वेळ द्यायचा, आणि मग सोडायची. आवाज माझ्या स्वतःच्या कानापर्यंत जेमतेम येत होता. बाहेर बस गेली आणि दोन सूर तिच्याखाली नाहीसे झाले. मार्गित उठल्या. मला वाटलं, थांबवणार. त्यांनी खिडकी लावली, आपली खुर्ची उचलून माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर आणून ठेवली आणि पुढे वाकून बसल्या. मध्यावर घोडीने कर्र असा बारीक आवाज केला. माझं करंगळीचं पेर तबलीवर टेकलेलं होतं, तिथून तो मला हाडात जाणवला. मी थांबले असते तर पुन्हा सुरू करू शकले नसते. मी पुढे गेले. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. शेवटचा स्वर कधी संपला ते मला कळलं नाही, आणि बहुधा कुणालाच नाही, कारण बराच वेळ सगळे तसेच बसून होते.

त्यानंतरच्या वर्षांत मी मोठ्या दालनांतून वाजवलं, चांगल्या तारांवर, पूर्ण ताणावर. पण ऐकणाऱ्याकडे आपण जायचं नसतं, त्याला खुर्ची उचलून आपल्याकडे यावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं. जे काही मला या वाद्यात जमलं, ते त्याच्यावर उभं आहे.

"इतकं हळू वाजवायला तुला कुणी शिकवलं?" मार्गितनी विचारलं.

"घोडीने," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "भरभर, जोरात काही ऐकवता येईल?"

"आज नाही."

"मग आज मी अर्धंच ऐकलं. अर्ध्यावर मी कुणाला घेत नाही." त्यांनी ल्यूटच्या मानेवर हात ठेवला. "पुढच्या वर्षी मी परत येणार आहे. उरलेलं अर्धं घेऊन ये. घेईन असं म्हणत नाही. पण तुला पहिली ऐकेन."

परतताना लेविन मागे पडलं. ल्यूट आईच्या मांडीवर होतं. मग बाबांनी घसा साफ केला.

"घेतलं नाही त्यांनी."

"नाही कुठे म्हणाल्या?" आई मागून म्हणाली.

"हो पण नाही म्हणाल्या."

"पुढच्या वर्षी या म्हणाल्या. तुम्ही पेशंटला पुढची तारीख देता, तेव्हा त्याला नाही म्हणता का?"

"सुमा, आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. तुमचं आणि तिचं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तर मी तो उद्योग करून बसले." तिचा आवाज तिथे किंचित फाटला, पण ती थांबली नाही. "माझ्यामुळे तिचं अर्धं राहिलं. ते अर्धं तुम्ही तिच्या खात्यात धरू नका."

समोरून दुधाचा टँकर गेला, गाडी हलली आणि मागे तारा आपोआप पुटपुटल्या. "मी त्या खोलीत बसलो होतो ना," बाबा अखेर म्हणाले, "तर माझ्या लक्षात आलं, मी श्वास धरून बसलोय. थिएटरमध्ये मी पेशंटचा श्वास बघतो. माझा कधी बघितला नव्हता." आणखी थोडं गेल्यावर म्हणाले, "ठीक आहे. एक वर्ष. दुनेडिन कुठे पळून जात नाही."

"आणि वर्षाने?" आईने विचारलं.

"वर्षाने त्या बाई सांगतील."

"त्या नाही," आई म्हणाली. "त्या घेवोत नाही तर न घेवोत. वर्षाने ही सांगेल."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या विषयावर कुणी माझ्याकडे उत्तरासाठी पाहिलं नव्हतं, आणि मला वर्षभर थांबायची गरज वाटली नाही.

"मी हेच करणार आहे," मी म्हटलं. "त्यांनी नाही घेतलं तरी."

शहराची पाटी मागे पडली. बाबांनी इंडिकेटर दिला आणि गाडी आमच्या रस्त्याला वळवली, नेहमीपेक्षा बरीच हळू.